सातारच्या डोंगरांत लोखंडाच्या जुन्या भट्ट्यांचा माग कसा काढावा

महाबळेश्वरच्या पठारावरून उतरणाऱ्या एखाद्या ओढ्याच्या काठाने चालताना कधीतरी काळसर, अंगावर वळ्या असलेला आणि आकाराच्या मानाने फारच जड असा खडा हाती येतो. बहुतेक वेळा तो साधा दगडच असतो. मात्र काही वेळा तो लोखंड गाळताना भट्टीतून वाहून थिजलेली मळी असते, आणि तसे असेल तर त्या जागी कोणीतरी भाता चालवला होता, कोळसा पाडला होता आणि डोंगराच्या दगडातून कुऱ्हाडी-विळ्यांचे लोखंड काढले होते, असा त्याचा अर्थ होतो. महाबळेश्वरच्या डोंगरात हे काम करणाऱ्यांना धावड म्हणत. १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या सातारा जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये त्यांची नोंद आहे. १८७८ च्या वन कायद्यानंतर जंगले राखीव होत गेली, कोळशासाठी लाकूड मिळणे अवघड झाले, बाजारात विलायती लोखंड स्वस्त झाले आणि देशभरातील अशा भट्ट्या एकामागून एक विझल्या. या कारागिरांनी स्वतःचे लिखित काही मागे ठेवलेले नाही. मागे राहिली ती मळी, भाजलेली माती आणि डोंगराच्या अंगावरचे काही खड्डे. ते ओळखावे कसे, नोंदवावे कसे आणि जागचे न हलवता त्यांच्याकडून माहिती कशी मिळवावी, हे पुढे सांगितले आहे.

आधी डोंगर समजून घ्यावा

सातारा जिल्ह्याचे डोंगर काळ्या पाषाणाचे, म्हणजे बेसॉल्टचे आहेत. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास वाहिलेल्या लाव्हाच्या थरांवर थर बसून ते तयार झाले. या पाषाणात लोह असते, पण ते इतर खनिजांत विखुरलेले असल्यामुळे साध्या भट्टीत त्यातून लोखंड निघत नाही. महाबळेश्वर, पाचगणीचे टेबललँड आणि कासचे पठार यांच्या माथ्यावर मात्र जांभ्याचे जाड कवच आहे. लाखो वर्षांच्या पावसाने मूळ पाषाणातील सिलिका आणि इतर विरघळणारी द्रव्ये धुऊन नेली आणि लोह व अॅल्युमिनियम मागे साचले, त्यातून हा जांभा घडला. सगळा जांभा सारखा नसतो. फिकट, पिवळसर जांभ्यात अॅल्युमिनियम अधिक असते. गडद तपकिरी, जड आणि फोडल्यावर आत धातूसारखी झाक दाखवणाऱ्या गाठी लोहाने समृद्ध असतात, आणि भट्टीवाल्याला हव्या असत त्या याच.

म्हणून पहिला नियम असा, की भट्टीचा शोध जांभ्याच्या कड्याखालच्या पहिल्या सपाटीपासून सुरू करावा. कच्चा दगड वरून सुटून तेथे येतो, झऱ्याचे पाणी बहुधा त्याच पातळीवर फुटते आणि जंगलही तेथेच दाट असते. लोखंड गाळण्यात दगडापेक्षा कोळशाची गरज मोठी होती. पारंपरिक पद्धतीने पाच किलो लाकडापासून जेमतेम एक किलो कोळसा पडतो आणि हाती येणाऱ्या लोखंडाच्या कित्येक पट कोळसा भट्टी खाते. त्यामुळे कारागीर दगड उचलून जंगलाकडे जात असत, जंगल दगडाकडे आणत नसत.

भट्टीत काय होई, ते माहीत असावे

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी टाळू नये. भट्टीचे कार्य ठाऊक नसेल, तर तिचा तुटका तुकडा समोर असूनही ओळखू येत नाही.

लोखंड १,५३८ अंश सेल्सिअसला वितळते आणि मातीच्या लहान भट्टीत हाताच्या भात्याने तेवढे तापमान साधत नसे. तेथे सुमारे १,२०० अंशांवर काम चाले. कोळसा जळून निघालेला कार्बन मोनॉक्साइड वायू दगडातील ऑक्सिजन ओढून घेई आणि लोखंड न वितळताच सुटे होई. दगडातील माती-वाळूचा अंश मात्र काही लोहाला सोबत घेऊन वितळे आणि खाली वाही. हीच मळी होय. तिच्यातील मुख्य खनिज फायालाइट, म्हणजे लोह आणि सिलिका यांचे संयुग. ते सुमारे १,२०० अंशांनाच वितळते, म्हणून ही सगळी पद्धत शक्य झाली. शेवटी भट्टी फोडून आतला स्पंजासारखा सच्छिद्र, मळीने भरलेला लोखंडाचा गोळा बाहेर काढत आणि तापवून-ठोकून त्यातली मळी पिळून काढत.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, भट्टी फोडावी लागत असल्याने ती उभी सापडण्याची अपेक्षा ठेवू नये. नागपूरजवळ नायकुंड येथे महापाषाणयुगीन वस्तीच्या उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली, पण असे भाग्य विरळा. आपल्याला मिळाला तर तळाचा भाजलेला गोल किंवा भिंतीचे सुटे तुकडे मिळतील. दुसरी गोष्ट, लोखंड कारागिराने नेले आणि मळी टाकून दिली, म्हणून जागेवर सर्वांत जास्त सापडते ती मळीच. तिच्यात लोहाचा मोठा अंश उरलेला असतो आणि त्यामुळेच ती जड लागते. आयुर्वेदाच्या रसशास्त्रात याच जुन्या लोहकिटाला मंडूर म्हणतात. शंभर वर्षांचे कीट उत्तम, ऐंशी वर्षांचे मध्यम आणि साठ वर्षांचे कनिष्ठ, अशी त्याची प्रतवारी सांगितलेली आहे. लोखंड गाळून उरलेला कचरा शतकभर उघड्यावर पडून राहतो, हे आपल्याकडे किती जुन्या काळापासून लोकांच्या नजरेत होते, ते यावरून कळते.

गावाच्या नावावरून आणि माणसांच्या बोलण्यातून

घर सोडण्यापूर्वी भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा समोर घेऊन जांभ्याच्या पठारांच्या कडा, झरे आणि लहान वाड्यांची नावे पाहावीत. नावांवर मात्र विसंबून राहू नये. ‘धावड’ हा शब्द असलेली जागा दिसली की मन धाव घेते, पण आपल्या जंगलात धावडा नावाचे झाडही आहे आणि त्यावरूनही स्थळांना नावे पडतात. वाई तालुक्यात लोहारे नावाचे गाव आहे. तेथली पालपेश्वराची लेणी प्रसिद्ध आहेत, पण केवळ नावावरून तेथे लोखंड गाळत असे कोणी म्हणू लागले तर ते मान्य करता येणार नाही. लोहार तयार लोखंड घडवतो आणि धावड दगडातून लोखंड काढतो. ही दोन वेगळी कामे आहेत आणि त्यांचे अवशेषही वेगळे असतात.

नावापेक्षा गुराख्याचा आणि नाचणी-वरी करणाऱ्या शेतकऱ्याचा शब्द अधिक भरवशाचा असतो. पण प्रश्न विचारताना शब्द जपून वापरावेत. सातारा-सांगलीकडे ‘मळी’ म्हटले की ऐकणाऱ्याला साखर कारखान्याची मळी आठवते आणि तो आपल्याला थेट कारखान्याचा रस्ता दाखवतो. त्याऐवजी एखादा नमुना किंवा छायाचित्र पुढे करून, “आबा, असला काळा, जड खडा तुमच्या रानात कुठं घावतो का? नांगराला लागतो का?” असे सरळ विचारावे. ‘नांगराला लागतो का’ हा प्रश्न फार उपयोगी पडतो, कारण डोंगरउतारावरच्या शेतकऱ्याच्या ध्यानात जमिनीतली प्रत्येक अडचण असते. सापडलेले असे खडे त्याने बहुधा बांधावर टाकलेले असतात, आणि बांध वाचणे हा या शोधातला सर्वांत फलदायी भाग आहे. चहा पुढे आला तर थांबावे, घाई दाखवू नये. दुसऱ्या खेपेला भेटणारी माणसे पहिल्या खेपेपेक्षा पुष्कळ अधिक सांगतात.

कधी जावे आणि काय सांभाळावे

महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पावसाळ्यात उतारावर काहीच दिसत नाही आणि जळवा, शेवाळ व सुटलेल्या दरडी यांचा त्रास होतो. ऑक्टोबरात गवत कमरेएवढे असते. डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम, कारण गवत वाळून बसते, ऊन सोसते आणि वणवे अजून सुरू झालेले नसतात. वणवा गेलेल्या जागी जमीन उघडी पडून सगळे स्पष्ट दिसते हे खरे, पण तेथे एक फसगत होते, तिचा उल्लेख पुढे येईल.

जांभ्याच्या कपारींत फुरसे असते. ते लहान, मातकट रंगाचे आणि तापट असल्यामुळे दगड हाताने उलटू नये, काठीने उलटावा आणि घोट्याच्या वर येणारे बूट घालावेत. कड्यांवर आग्यामोहोळे असतात. अत्तर लावून, धूर करून किंवा आरडाओरडा करून त्यांच्याखालून जाऊ नये. जांभा काढलेल्या जुन्या खड्ड्यांच्या कडा आतून पोखरलेल्या असतात, म्हणून कडेवर उभे राहून खाली डोकावू नये. डोंगरात एखादे बीळवजा भुयार दिसले तर कितीही मोह झाला तरी आत शिरू नये. आतली हवा कोंडलेली असू शकते, आणि जांभ्याचे छत एकदा सुटले की सूचना न देता बसते. सोबत दोघे तरी असावेत, आणि कोठे जात आहोत ते पायथ्याच्या वाडीत सांगून जावे.

खरे काय आणि फसवे काय

खरी वाहती मळी काळी किंवा करड्या काळ्या रंगाची असते. तिच्या वरच्या अंगावर काकवी थंड होताना पडतात तशा वळ्या असतात आणि खालच्या अंगाला ज्या मातीवरून ती वाहिली तिचे कण चिकटलेले असतात. मोडलेल्या कडेला बारीक बुडबुड्यांची छिद्रे दिसतात. भट्टीच्या भिंतीचा तुकडा एका बाजूने विटकरी लाल आणि दुसऱ्या बाजूने वितळून काचेसारखा काळा-हिरवट झालेला असतो, आणि एकाच तुकड्यात लाल माती ते काच असा क्रम मिळाला की शंका फारशी उरत नाही. भात्याची मातीची नळी आत भट्टीत शिरलेली असल्याने तिचे एक टोक असेच वितळलेले असते आणि मधोमध बोट जाईल एवढे किंवा त्याहून थोडे मोठे आरपार भोक असते. असा तुकडा मिळणे म्हणजे त्या जागी हवा फुंकली गेल्याचा पुरावा मिळणे होय, म्हणून तो दहा किलो मळीपेक्षा मोलाचा समजावा. लोहाराच्या शेगडीच्या तळाशी साचणारी मळी मात्र वाटीसारखी, खाली फुगीर आणि वर सपाट असते. तिच्या आसपास हातोड्याखाली उडालेले पातळ, चुंबकाला चटकन चिकटणारे पापुद्रे मातीत मिळतात. असे असेल तर ती जागा लोहाराची, धावडाची नव्हे.

आता फसव्या गोष्टी. पहिला मान आपल्या पाषाणाचाच आहे. लाव्हाच्या काही थरांवर दोरासारख्या वळ्या नैसर्गिकरीत्या पडलेल्या असतात आणि त्यांत बुडबुड्यांची छिद्रेही असतात, पण त्या छिद्रांत बहुधा पांढरी खनिजे भरलेली आढळतात. मळीत ती नसतात. घाटात रस्ता कापलेल्या जागी दोन थरांच्या मध्ये विटकरी लाल मातीचा पट्टा दिसतो. तो भट्टीत भाजल्यासारखा भासला तरी निसर्गाचाच आहे, आणि पट्टा दूरवर सलग जात असेल तर भट्टीचा विचार सोडून द्यावा. सखल भागात उतरल्यावर माणसाने केलेल्या फसगती सुरू होतात. वीटभट्टीची खंगर, गुऱ्हाळाच्या चुलवणातली वितळलेली माती आणि पुणे-मिरज लोहमार्गालगत वाफेच्या इंजिनांनी टाकलेली कोळशाची खंगर या सर्व मळीसारख्या दिसतात, पण हातात घेतल्या की हलक्या लागतात. कराडजवळ ओगलेवाडीला १९१६ पासून काच कारखाना होता. त्या परिसरात हिरवट, काचेसारखा गोळा मिळाला तर आधी काचेचाच विचार करावा. किर्लोस्करवाडीसारख्या ठिकाणी, जेथे १९१० पासून लोखंड ओतले गेले, तेथे ओतकामाची मळी मिळते. ती बहुधा काचेसारखी, लोहाने गरीब आणि म्हणून वजनाला कमी असते.

शंका राहिली तर घनता मोजावी. त्यासाठी स्प्रिंगचा काटा, दोरा आणि पाण्याची बादली एवढेच पुरे. खडा आधी कोरडा तोलावा आणि मग दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून टांगता ठेवून तोलावा. समजा कोरडे वजन ६३० ग्रॅम आणि पाण्यातले ४५० ग्रॅम भरले, तर १८० ग्रॅमची घट झाली. ६३० ला १८० ने भागले की ३.५ येते. साधी काच २.५ च्या आसपास आणि घट्ट काळा पाषाण २.९ च्या आसपास असतो. ही मळी ३ च्या वर, अनेकदा ३.५ किंवा त्याहून अधिक भरते. खूप छिद्रे असतील तर आकडा खाली येतो, म्हणून त्यातल्या त्यात घट्ट खडा निवडावा. ज्या खड्याला कोळशाचा कण चिकटलेला दिसेल, तो मात्र पाण्यात कधीही घालू नये.

चुंबकावर लोकांचा फार भरवसा असतो, पण आपल्या मुलखात तो जपून ठेवावा. काळ्या पाषाणातच चुंबकी खनिज आहे आणि ओढ्यातली काळी वाळू चुंबकाला केसांसारखी चिकटते, तेव्हा नुसते चिकटणे हा पुरावा होत नाही. एक तुलना मात्र कामाची आहे. कच्चा जांभा चुंबकाला फारसा दाद देत नाही, पण भट्टीत घालण्यापूर्वी भाजलेला जांभा लाल होतो आणि चांगला ओढला जातो. एकाच ठिकाणी सुपारीएवढे फोडलेले, लाल आणि चुंबकाला ओढले जाणारे जांभ्याचे खडे ढिगाने मिळाले, तर ती कच्चा माल भाजण्याची जागा असू शकते. वणव्याची फसगत येथेच होते. वणव्याच्या आगीनेही जमिनीवरचा जांभा असाच लाल आणि चुंबकी होतो, म्हणून सोबत मळी असल्याशिवाय या खुणेवर काही उभारू नये.

नोंद कशी करावी

एकदा मी एका शेताच्या बांधावरून मळीचा सुंदर तुकडा पिशवीत टाकून घरी आणला. वर्षभराने त्याच रानात परत गेलो तेव्हा तो ओढ्याच्या अलीकडच्या बांधावरचा होता की पलीकडच्या, ते मला सांगता येईना. घरातल्या कपाटात त्या तुकड्याची किंमत शून्य झाली होती. तेव्हापासून मी काही उचलत नाही.

खडा जागेवरच ठेवून त्याचे छायाचित्र घ्यावे. शेजारी मोजपट्टी असावी आणि एक छायाचित्र मागचा डोंगर दिसेल असे दुरून घ्यावे. मोबाइलवर अक्षांश-रेखांश मिळतात, पण दरीत ते काही मीटरांनी चुकतात, म्हणून ओढा, मोठे झाड, देवळाचा पार अशा कायमच्या खुणेपासूनचे पावलांचे अंतरही वहीत लिहावे. मळी किती भागात पसरली आहे, कोठे दाट आणि कोठे विरळ आहे, याचा साधा आराखडा काढावा. उतारावर मळी पावसाने खाली सरकते, तेव्हा खालच्या टोकाला भट्टी न शोधता पसरण वर जेथे संपते त्या सपाटीकडे पाहावे. आजूबाजूला उतार कापून केलेल्या, चार-सहा पावले व्यासाच्या गोल सपाट्या आणि त्यांत काळी कोळशट माती दिसली, तर त्या कोळसा पाडण्याच्या जागा असण्याची शक्यता लक्षात ठेवावी. कोळशाला हात लावू नये. भट्टी कोणत्या काळातली हे सांगण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग मळीत अडकलेल्या कोळशाची कार्बन-१४ पद्धतीने तपासणी हाच आहे, आणि ते काम तज्ज्ञांनी स्वच्छ नमुना घेऊनच करायचे आहे. मळी ‘शिवकालीन’ आहे किंवा ‘इंग्रजी अमदानीतली’ आहे, असे नुसते पाहून कोणालाही सांगता येत नाही.

जमीन शेतकऱ्याची असेल तर त्याची परवानगी घ्यावी. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे आणि कोयनेकडचा मोठा भाग सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो, जेथे वन विभागाच्या परवानगीशिवाय पाऊल टाकू नये. भारतीय वन अधिनियम, १९२७ प्रमाणे दगड आणि माती ही वनउपजच आहे, म्हणजे राखीव वनातून मळीचा खडा खिशात घालणेही कायद्याला धरून नाही. खणण्याचा तर प्रश्नच येत नाही, कारण उत्खननाला पुरातत्त्व विभागाचा परवाना लागतो आणि हौशी हाताने एका दुपारी खणलेली भट्टी पुन्हा कोणालाही अभ्यासता येत नाही.

समुद्राकाठी गेल्यास

सांगली-कोल्हापूरकडून तळकोकणात उतरणाऱ्यांना वेंगुर्ले तालुक्यातील रेडीची लोहखनिजाची खाण पाहावीशी वाटते. १९७६ साली तेथे खाणीत गणपतीची मूर्ती सापडली आणि त्यामुळे ते गाव अनेकांना ठाऊक आहे. तेथे गेल्यास आपले डोंगरातले ठोकताळे बाजूला ठेवावेत. तेथले लोहखनिज सह्याद्रीच्या काळ्या पाषाणापेक्षा कितीतरी जुन्या खडकांतले आहे, ते यंत्रांनी पायऱ्यापायऱ्यांनी काढलेले आहे, आणि झोतभट्टीची, म्हणजे कारखान्यातल्या ब्लास्ट फर्नेसची, मळी चुनखडी घातलेली असल्यामुळे फिकट व हलकी असते. तेथील जमीन खाणचालकांची आहे, म्हणून कुंपणाबाहेरून जे दिसेल तेवढ्यावर समाधान मानावे. सोडून दिलेल्या खाणीत साचलेले पाणी शांत दिसते, पण त्याचा काठ सुट्या मातीचा असतो आणि खोली एकदम वाढते, म्हणून तेथे पोहायला किंवा छायाचित्रासाठी काठाशी उतरू नये. दोन्ही जागा पाहिल्यावर जांभ्याच्या गाठी हाताने वेचणाऱ्या माणसाच्या कष्टांचे माप मात्र नीट कळते.

नोंदीचे पुढे काय करावे

तीन-चार जागांच्या नोंदी झाल्या की त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील पुरातत्त्व विभागाकडे किंवा राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे पाठवाव्यात. सोबत छायाचित्रे, आराखडा आणि घनतेचे आकडे द्यावेत, आणि कोणते विधान स्वतः पाहून केले आहे व कोणते ऐकून, हे वेगळे लिहावे. अचूक ठिकाण मात्र समाजमाध्यमांवर टाकू नये. पुढच्या पावसाळ्यानंतर त्याच बांधांवर परत जावे, कारण दरवर्षी नांगर आणि पाणी मिळून काहीतरी नवे वर आणतात. त्याच खुणेवर उभे राहून गेल्या वर्षीच्याच कोनातून पुन्हा छायाचित्र घ्यावे आणि वहीत जुन्या नोंदीखाली नवी तारीख घालावी.